शरीरातले कासिद आणि आपले सांधे

फजरच्या वेळी उठल्यावर हाताची बोटे वळत नाहीत. नळ फिरवता येत नाही, कणीक मळायला बसावे तर मनगट साथ देत नाही. दिवस वर आल्यावर हळूहळू बरे वाटते. अशी तक्रार घरातल्या अम्मीने किंवा सुनेने केली की आपल्याकडे ठरलेले उत्तर असते, ‘वात असेल, तेल लाव.’ तेलाने थोडा आराम मिळतो, पण दर वेळी हा वयाचा वात नसतो. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल, तर तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असू शकतो. तिशी-चाळिशीतही तो होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो.

निरोप पोचवणारी प्रथिने

रोगप्रतिकारशक्तीला उर्दूत ‘कुव्वत-ए-मुदाफिअत’ म्हणतात. मुदाफिअत म्हणजे बचाव. हा बचाव करणाऱ्या पांढऱ्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या प्रथिनांच्या मार्फत. जंतू शिरला की एक पेशी प्रथिन सोडते, दुसरी ते ओळखते आणि कामाला लागते. या प्रथिनांना सायटोकाईन म्हणतात. आम्ही वर्गात मुलांना समजावताना त्यांना कासिद म्हणतो, निरोप घेऊन धावणारे.

जंतू मेला की निरोप थांबायला हवेत. आमवातात ते थांबत नाहीत. अनुवंशिकता, धूम्रपान अशी काही कारणे जुळून येतात आणि बचावाच्या पेशी आपल्याच सांध्याच्या अस्तराला परके समजू लागतात. मग ‘टीएनएफ’ नावाचा कासिद सारखा धावत राहतो. त्याच्या निरोपाने रक्तवाहिन्या फुगतात, आणखी पेशी जमतात, अस्तर जाड होते. सांध्यातली कूर्चा झिजते आणि हाडही कुरतडले जाते. त्याच्या जोडीचा ‘इंटरल्युकिन-६’ यकृतापर्यंत पोचतो. रक्ताच्या रिपोर्टवर ‘सीआरपी’ वाढलेला दिसतो तो मुख्यतः याच निरोपामुळे. थकवा आणि रक्त कमी होणे यांतही या प्रथिनांचा हात असतो. म्हणून ‘नुसते सांधे दुखतात, मग एवढी गळून का गेली?’ असे कुणी विचारू नये.

लंडनमधला शोध

टीएनएफला नाव मिळाले १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, उंदरांच्या गाठी मारणारा पदार्थ म्हणून. सांध्यांशी त्याचा संबंध उलगडला तो लंडनमध्ये. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांतला टीएनएफ अडवला, तेव्हा दुसरा दाहकारक कासिद, ‘इंटरल्युकिन-१’, हाही कमी झाला. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे टीएनएफ या साखळीतला वरचा दुवा होता.

१९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफ अडवणारे औषध रुग्णांना देण्यास सुरुवात झाली. पहिल्या चाचणीत २० रुग्ण होते. त्यांची सूज आणि वेदना कमी झाल्या. १९९४ मध्ये ७३ रुग्णांवरच्या, खऱ्या आणि खोट्या औषधाची तुलना करणाऱ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

कासिद शत्रू नव्हे

पण हाच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवायला मदत करतो. त्याला अडवले की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती कधीच चुकवू नये. मल्टिपल स्क्लेरोसिस या दुसऱ्या आजारात टीएनएफ अडवल्यावर त्रास उलट वाढल्याचे १९९९ च्या एका चाचणीत दिसले. एकाचे औषध दुसऱ्याने घेऊ नये, याचा यापेक्षा मोठा दाखला नाही.

घरात काय करावे

बहुतेक रुग्णांना सुरुवातीलाच महागडी इंजेक्शने लागत नाहीत. पहिले औषध सहसा मेथोट्रेक्सेट असते आणि ते तुलनेने स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. घरात वाचता येणाऱ्या कुणीतरी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. मूल हवे असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हेही महिना सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे.

नाव नसलेल्या पुड्यांपासून मात्र दूर राहावे. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण सांधा आतून झिजतच राहतो, आणि हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते ती वेगळीच.

एकदा वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही. हाडाची झीज बऱ्याचदा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. घरातल्या बाईची सकाळची तक्रार सहा आठवडे टिकली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून तिला संधिवाततज्ज्ञाकडे न्यावे. ती स्वतः ‘राहू दे’ म्हणेल. तरीही न्यावे.