सॉफ्टनर कपडे मऊ करतो, पाणी नाही

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस आणला. पण अनेक वाड्या-वस्त्यांवर धुण्याला पाणी असते ते विहिरीचे किंवा बोअरचे. हे पाणी बहुधा जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि उन्हात वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो. मग दुकानातून सुवासिक सॉफ्टनरची बाटली घरी येते. ती नेमके काय करते, हे समजून घेऊ या.

पाण्यात भिजलेल्या सुती धाग्यावर थोडा ऋण विद्युतभार असतो. सॉफ्टनरमधील मुख्य द्रव्याचा रेणू बेडकाच्या पिलासारखा असतो. त्याच्या डोक्यावर धन भार असतो आणि शेपूट स्निग्ध असते. डोके धाग्याला चिकटते, शेपूट बाहेर राहते. धाग्यांवर असा तुपाच्या बोटाइतका पातळ थर बसला की ते एकमेकांवरून सहज घसरतात. आपल्या हाताला तोच मऊपणा जाणवतो. कापड वाळल्यावरही धाग्यांवर किंचित पाणी उरते आणि ते डिंकासारखे धागे सांधते, असे जपानमधील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. हे सांधणेही सॉफ्टनरमुळे कमी होते, असे मानले जाते.

फायदे खरे आहेत. कपड्यांना सुरकुत्या कमी पडतात, इस्त्री सोपी होते, थंडीत पॉलिस्टरची साडी अंगाला चिकटत नाही.

तोटेही ध्यानात ठेवावेत. स्निग्ध थरामुळे कापड पाणी कमी शोषते. म्हणून टॉवेल, पंचे आणि बाळाची दुपटी यांना सॉफ्टनर लावू नये. काहींच्या त्वचेला त्यातील सुवासिक द्रव्ये सोसत नाहीत. धुण्याच्या पावडरीबरोबर तो कधीही घालू नये. पावडरीतील ऋणभारित आणि सॉफ्टनरमधील धनभारित रेणू एकमेकांनाच बिलगतात आणि दोन्ही वाया जातात. सॉफ्टनर घालायचा तो शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात, तोही टोपणाच्या मापाने.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा घालवत नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. तोच धाग्यांत अडकतो, कपडा राठ आणि मळकट दिसतो. त्यावर सॉफ्टनर ओतणे म्हणजे पोपडे धरलेल्या भिंतीला रंग देणे.

आपले पाणी जड आहे का, हे घरीच कळते. दोन बाटल्यांपैकी एकीत बोअरचे आणि दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी अर्धे-अर्धे भरा. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि गढूळपणा जास्त दिसला, तर पाणी जड समजावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, तर दुसरे पाणी नसल्यास 600 मिलिग्रॅम आहे.

उपाय जुनाच आहे. कपडे भिजवण्याआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळू द्यावा. तो कॅल्शियमला खाली बसवतो आणि साबणही कमी लागतो. मात्र रेशीम व लोकर सोड्यापासून दूर ठेवावी. शेवटी स्वच्छ पाण्यात खळबळून, कपडे झटकून वाऱ्यावर वाळत घालावेत.

आणखी एक सावधगिरी. सोड्यात सोडियम असते. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 सालीच लिहून ठेवले होते. ज्या मातीने क्षारांचा त्रास इतकी वर्षे सोसला, तिच्यात धुण्याचे सांडपाणी रोज मुरवू नये. परसातली भाजी त्या पाण्यावर वाढवू नये. कपडा मऊ करताना जमीन कडक होणार नाही, एवढे आपल्या हातात आहे.