गावाने राखले, म्हणून रान वाढले

पावसाळा आला की वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होऊ लागतात. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या पावसाळ्यासाठी तर ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. रोप लावणे हे एका दिवसाचे काम असले, तरी त्याचे वन होण्यासाठी अनेक वर्षे राखण करावी लागते. ही राखण कोणी आणि कशासाठी करायची, याचे उत्तर धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावाने दिले आहे.

साक्री तालुक्यातील या आदिवासी पाड्याभोवतालचे रान नव्वदच्या दशकापर्यंत तोडीमुळे उजाड झाले होते. पाण्याचीही टंचाई होती. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावी परतलेल्या चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थ एकत्र आले. त्यांनी वृक्षतोड आणि चराईवर निर्बंध घातले, नियम मोडणाऱ्यास दंड ठरवला आणि डोंगरउतारावर पाणी अडवले. आज ४०० हेक्टरांहून अधिक वन गावाच्या राखणीत आहे. या कार्यासाठी पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यामागील शास्त्र सोपे आहे. तोडलेल्या साग, पळस यांसारख्या झाडांची मुळे जमिनीत जिवंत असतात. कुऱ्हाड आणि गुरांचे तोंड यांपासून संरक्षण मिळाले, की खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात. पालापाचोळ्याने माती धरून ठेवली जाते, पावसाचे पाणी मुरते आणि विहिरींना त्याचा लाभ होतो. स्थानिक प्रजाती परतल्याने पक्षी आणि कीटकांनाही आसरा मिळतो. बारीपाड्यात दरवर्षी भरणाऱ्या वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेतून या रानाची समृद्धी पाहुण्यांच्या ताटात येते.

मात्र केवळ सदिच्छेवर राखण टिकत नाही, त्यासाठी अधिकारही हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनावर हक्क सांगण्याची आणि त्याचे व्यवस्थापन करण्याची मुभा दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. त्यामुळे बांबूविक्रीचे उत्पन्न थेट गावाकडे येऊ लागले. कोणता बांबू तोडायचा आणि कोणता राखायचा, याचा निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. उद्याचे उत्पन्न आजच्या राखणीवर अवलंबून असल्याने बेसुमार तोड गावालाच परवडणारी नसते.

लागवडीच्या कोणत्याही नव्या योजनेला हाच निकष लावायला हवा. रोपे किती लावली, याबरोबरच पाच वर्षांनंतर त्यांची राखण कोण करणार आणि त्या वनातून भोवतालच्या लोकांना काय मिळणार, हे आधी ठरले पाहिजे. अन्यथा पुढील पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावण्याची वेळ येईल.