दात्याच्या पेशींशी सलोखा

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजाला सिकलसेल हा आजार नवा नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्रास कमी होतो. आजार मुळापासून घालवण्याचा रुळलेला मार्ग मात्र रक्तपेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. भारतात ते १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाले. सिकलसेलवरचा त्याचा गुण अनपेक्षितपणे कळला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मेम्फिस येथे रक्ताच्या कर्करोगासाठी एका मुलीवर प्रत्यारोपण झाले. तिला सिकलसेलही होता. दोन्ही आजार गेले.

मूत्रपिंड बदलले की रुग्णाचे शरीर परक्या अवयवावर उठते. मज्जा प्रत्यारोपणात उलटेही घडते. मज्जेसोबत दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, येतात आणि त्यांना रुग्णाचे शरीरच परके वाटते. मग अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ अशी लक्षणे दिसतात. कर्करोगात या आक्रमकपणाचा फायदाही होतो, कारण उरलेल्या कर्करोगपेशी त्यात मारल्या जातात. सिकलसेलमध्ये असा फायदा काहीच नाही, नुसता धोका. पण टी-पेशी अगदीच काढून टाकल्या, तर रुग्णाची उरलीसुरली प्रतिकारशक्ती नवी मज्जा रुजू देत नाही. म्हणून इथे सलोखाच साधावा लागतो. सुमारे २० टक्के मज्जा दात्याची टिकली तरी बहुतेकदा पुरते, कारण निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकल पेशी जेमतेम १० ते २०.

सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड सिकलसेलचे वाहक असले तरी दाता होऊ शकते. आई-वडिलांशी ते निम्मेच जुळते. अशा प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देतात. रुग्णाविरुद्ध चवताळून भराभर वाढणाऱ्या टी-पेशी त्यात मरतात. शांत टी-पेशी आणि मूळपेशी बऱ्याच अंशी वाचतात.

प्रत्यारोपणानंतर नवी प्रतिकारशक्ती घडायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. जुन्या लसींची आठवण पुसट होते, म्हणून लहानपणच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

घरात सिकलसेलचे लेकरू असेल, तर भावंडांच्या एचएलए तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि प्रत्यारोपणानंतर गावी परतलेल्या मुलाला ताप आला, तर घरी वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.