वजनकाट्यापलीकडचे वैद्यक

गुडघेदुखीने बेजार झालेल्या माझ्या आत्याला घेऊन कित्येक वर्षांपूर्वी मी एका डॉक्टरांकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी तिला वजनकाट्यावर उभे केले, आकडा मोठ्याने वाचून दाखविला, आणि गुडघ्याला हातही न लावता, "तोंडाला आवर घाला, दहा किलो उतरवा, मग या," एवढे सांगून आमची बोळवण केली. आत्या आठवड्यातून दोन उपास करणारी आणि घरातल्या सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाऊन ओट्याची आवराआवर करणारी बाई होती. परतीच्या वाटेवर ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. आणि पुढे गुडघ्यासाठीच काय, पण अंगात मुरत चाललेल्या मधुमेहासाठीही दवाखान्याची पायरी चढण्यास ती कधी राजी झाली नाही. त्या डॉक्टरांना मी दुष्ट म्हणणार नाही. जे त्यांना शिकविले गेले तेच त्यांनी सांगितले. प्रश्न आहे तो शिकविले काय गेले याचा, आणि सनद हाती पडल्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत, शास्त्र पार पालटले तरी, ते शिक्षण पुन्हा तपासून पाहण्याची काही तजवीज आहे की नाही याचा.

वास्तविक आपल्याकडच्या प्राचीन वैद्यकाने या बाबतीत त्या दवाखान्यापेक्षा अधिक खोल विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या निंद्य देहांचे वर्णन येते, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विशेष परामर्श घेतलेला आहे. आणि अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन, दिवसा झोप, व्यायामाचा अभाव यांच्या मालिकेतच संहिताकार बीजस्वभावाचाही, म्हणजे जन्माबरोबर येणाऱ्या प्रकृतीचाही, उल्लेख करतात. एवढेच नव्हे, तर मेदाने मार्ग अडविलेला वायू कोठ्यात फिरून अग्नी चेतवितो, आणि म्हणून स्थूल माणसाला भूक अनावर लागते, अशी उपपत्तीही तेथे मांडलेली आहे. उपपत्तीची परिभाषा आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो. परंतु अनावर भूक हा रोग्याचा अपराध नसून रोगाचे लक्षण आहे, ही दृष्टी त्यात निःसंशय आहे.

आधुनिक शास्त्राला त्याच दृष्टीपर्यंत पोहोचण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदपेशींतून निघणाऱ्या एका संप्रेरकाचे जनुक शोधून काढले, आणि त्या संप्रेरकाला पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. चरबी म्हणजे नुसते साठवणीचे कोठार, अशी तोवरची समजूत होती. ते कोठार आपल्या शिलकीची वर्दी मेंदूला नित्य देत असते, आणि त्या वर्दीवरून मेंदू भूक व ऊर्जेचा खर्च यांचा ताळेबंद राखतो, हे त्या दिवसापासून स्पष्ट झाले. तीनच वर्षांनी केंब्रिजच्या संशोधकांनी एकाच कुटुंबातील दोन चुलत-मावस भावंडांची हकिकत प्रसिद्ध केली: आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो, आणि दोघांच्याही शरीरात जन्मजात दोषामुळे लेप्टिन तयारच होत नव्हते. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा जी मुलगी कधीच तृप्त होत नसे तिची भूक इतर मुलांसारखी झाली आणि वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. त्या मुलीच्या आईबापांना त्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणि डॉक्टरांकडूनही काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना माझ्या आत्याच्या मुद्रेवरून मला करता येते.

असा दोष अत्यंत दुर्मीळ आहे, हे खरे. बहुसंख्य स्थूल माणसांच्या शरीरात लेप्टिन भरपूर असते, मेंदूच त्याची दाद पुरेशी घेत नाही. परंतु शरीर आपल्या वजनाचा बचाव करते, हे सूत्र सर्वांनाच लागू पडते. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी अल्पाहारावर ठेवून वजन उतरविलेल्या माणसांची रक्ततपासणी पुन्हा वर्षभराने केली, तेव्हा भूक वाढविणारी संप्रेरके वाढलेली आणि तृप्ती देणारी घटलेली अशीच आढळली, आणि त्या माणसांना भूकही पूर्वीपेक्षा अधिक लागत होती. निर्धाराने वजन उतरविणारा माणूस पुन्हा जाड होतो तेव्हा आपण त्याला निश्चयाचा कच्चा ठरवितो. वस्तुतः तो वर्षभर, रात्रंदिवस, आपल्याच देहाशी झुंजत असतो.

हे इतके दिवस डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असूनही त्यांच्या हाती देण्यासारखे औषध नव्हते, आणि जी औषधे आली त्यांनी त्यांना तोंडघशी पाडले. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपा बिघडवीत असल्यामुळे १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. युरोपात २००६ साली मंजूर झालेले रिमोनाबँट मनोविकारांच्या तक्रारींमुळे दोनच वर्षांत बंद पडले. सिब्युट्रामीन हृदयविकाराच्या भीतीने २०१० साली गेले. अशा पूर्वेतिहासामुळे जुने आणि सावध डॉक्टर स्थूलतेवरील प्रत्येक नव्या औषधाकडे संशयाने पाहतात, तर त्यात नवल नाही, आणि दोषही नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत आलेली औषधे निराळ्या जातीची आहेत. जेवणानंतर आतड्यातून पाझरणारे, आणि दोन-तीन मिनिटांतच विरून जाणारे, जी. एल. पी.-१ नावाचे एक संप्रेरक आहे. ते स्वादुपिंडाला इन्शुलीन सोडण्यास प्रवृत्त करते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. त्याचीच आठवडाभर टिकणारी प्रतिकृती म्हणजे सेमाग्लुटाइड. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ लोकांपैकी ज्यांना हे औषध मिळाले त्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, आणि ज्यांना नुसते लुटुपुटूचे इंजेक्शन मिळाले त्यांचे २.४ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्क्यांपर्यंत मजल मारली. २०२३ साली १७,६०४ हृदयरुग्णांवरील अभ्यासात सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण एक पंचमांशाने घटविले. हा शेवटचा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आरशातल्या रूपाशी त्याचा संबंध नाही. त्याचा संबंध हयातीशी आहे.

आता याच औषधांची दुसरी बाजू. पहिल्या चाचणीतील काही लोकांनी औषध सोडल्यानंतर वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले असता, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले. म्हणजे स्थूलता हा रक्तदाबासारखा दीर्घकालीन विकार आहे, आणि औषध घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी दीर्घ मुदतीचा आणि खर्चाचा हिशेब मांडला पाहिजे. मळमळ आणि उलटी टाळण्यासाठी मात्रा पायरीपायरीने वाढवावी लागते. पित्ताशयात खडे होण्याचा धोका ध्यानी ठेवावा लागतो. आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून आहारात प्रथिने व जोडीला वजने उचलण्याचा व्यायाम यांची सांगड घालावी लागते. हे सारे सांगायचे, तपासायचे, महिन्यामहिन्याला पाहायचे काम कोणाचे? भारतात टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनमध्ये दाखल झाले. औषध दुकानात पोहोचले, ते चालविण्याचे शिक्षण मात्र दवाखान्यात त्याच वेगाने पोहोचलेले नाही, असे माझे मत आहे.

आणि औषध द्यायचे ते कोणत्या मापाने, कोणत्या देहाला, या प्रश्नापाशीच पुण्याचा विषय अपरिहार्यपणे येतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारे प्रमाण बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले, ते समाजातील सरासरी माणसाचा अभ्यास करण्यासाठी. १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले, आणि कालांतराने ते जगभरच्या दवाखान्यांत एकेका रोग्याच्या कपाळी लागले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक तंतोतंत एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मराठी माणसाच्या सडपातळ अंगरख्याखाली किती मेद दडलेला असू शकतो, याचा इतका बोलका दाखला मी दुसरा पाहिलेला नाही. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे कृश दिसणारा मेदस्वी भारतीय देह जन्मालाच येताना तसा येतो, आणि त्याचे मूळ आईच्या पोषणात शोधावे लागते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या देहात स्नायूंची मिळकत मुळातच तुटपुंजी, त्या देहाला स्नायूही झडविणारे औषध देताना बहुतांशी गोऱ्या लोकांवरील चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे लागू करणे कितपत सुरक्षित आहे? हा प्रश्न पुण्यामुंबईच्या डॉक्टरांनी विचारावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर येथल्या रोग्यांच्या कागदपत्रांतून, येथल्याच मोजमापांतून मिळवावयाचे आहे.

अमेरिकेत स्थूलतेच्या वैद्यकाची स्वतंत्र परीक्षा घेणारे मंडळ २०११ साली स्थापन झाले. आधी आपल्या मूळ शाखेची सनद मिळविलेल्या डॉक्टराने किमान ६० तासांचे अध्ययन केल्याचा पुरावा दिला, तर त्याला त्या परीक्षेस बसता येते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे आपल्या डॉक्टरांनाही दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे ३० श्रेयांक दाखवावे लागतात. चौकट म्हणून ती व्यवस्था चांगली आहे. परंतु श्रेयांक कोणत्या विषयाचे घ्यावेत हे डॉक्टरांच्या मर्जीवर असल्यामुळे, स्थूलतेवर एक तासही न घालविता आयुष्यभर वैद्यकी करता येते. याउलट २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. चौघांतील एकाला ग्रासणाऱ्या विकाराचे शिक्षण ऐच्छिक असावे, हे मला मान्य नाही.

त्या शिक्षणात औषधांच्या मात्रांइतकेच भाषेलाही स्थान हवे. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सेस्को रुबिनो यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाने, अवयवांच्या कार्यात बिघाड झाला असेल तर ती रोगावस्था आणि नसेल तर रोगपूर्व अवस्था, असा भेद सुचविला आणि केवळ निर्देशांकावर निदान करू नये असे बजावले; त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही आपल्या देहाला अनुसरून दोन पायऱ्यांची व्याख्या मांडली, तीत २३ च्या वरील निर्देशांकाबरोबर कंबरेच्या घेराला महत्त्व दिले. दोन्हींचा आशय एकच, की आकडा वाचण्याआधी माणूस तपासावा.

आत्या आता नाही. परंतु ज्यांच्या घरी अशी आत्या, आई वा मुलगी आहे त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या खेपेस डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखविले, तर त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगावे: कंबरेलाही फीत लावा, साखर व रक्तदाब पाहा, आणि आधी गुडघा तपासा. आपल्याकडे पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० आहे.