लाडका माल आणि दोन नंबरवर अडकलेलं गाणं



तुमचा माल चांगला आहे, गिऱ्हाईक खूश आहे, पण डिस्ट्रिब्युटर दुकानात गेला की आधी दुसऱ्याचाच माल पुढे करतो. असं होतंय का? मग आजची गोष्ट नीट वाचा. गोष्ट अमेरिकेतल्या सोल संगीताची आहे, पण धंदा सगळीकडे सारखाच.

डेट्रॉईट शहर, 1959. मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेतले आणि रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन झाली. गाणं बाजारात सोडायचं की नाही, हे ठरवायला तिथे चक्क क्वालिटी कंट्रोलची मीटिंग व्हायची. आहे ना शिकण्यासारखं?

पण कंपनीचा एक लाडका ग्रुप होता, सुप्रीम्स. 1964 पासून जोर त्यांच्यावर. त्यांची 12 गाणी अमेरिकेत एक नंबरला गेली, त्यातली 10 कंपनीच्या एकाच हुकमी लेखक-त्रिकुटाची. म्हणजे पैज चुकली नव्हती, हेही मान्य करा. पण त्याच कंपनीतल्या मार्था रीव्ह्ज, ग्लॅडिस नाइट यांना आपण मागच्या रांगेत आहोत असं वाटत राहिलं, आणि दोघींनी ते नंतर उघड सांगितलं.

आता मजा बघा. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' हे गाणं 1967 मध्ये मार्विन गेने रेकॉर्ड केलं. गॉर्डीला ते पसंत पडलं नाही, बाजूला पडलं. मग तेच गाणं ग्लॅडिस नाइट आणि पिप्स यांच्या आवाजात आलं आणि दोन नंबरपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी मार्विनचं गाणं अल्बममध्ये आलं, रेडिओवाल्यांनी ते उचललं, म्हणून कंपनीने ते वेगळं काढलं. सात आठवडे एक नंबर! मालकाने नाकारलेला माल गिऱ्हाइकाने डोक्यावर घेतला.

आणि ग्लॅडिस? 1973 मध्ये मोटाउनवरचं तिचं आणखी एक गाणं पुन्हा दोन नंबरवरच थांबलं. करार संपला होता. ग्रुप बुद्दा नावाच्या कंपनीत गेला आणि त्याच वर्षी 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' एक नंबरला! आवाज तोच, माणसं तीच. बदललं फक्त दुकान.

आता तुमच्याकडे येऊ.

पहिलं, तुमचा सगळा माल एकाच माणसाच्या हातात असेल, तर तुमचा नंबर तो ठरवतो. दुसरा रस्ता आजपासून शोधा, पण करार मोडून नाही. तो कधी संपतो ती तारीख बघून ठेवा.

दुसरं, तुम्ही मालक असाल तर स्वतःलाच विचारा: माझा लाडका कामगार, लाडका माल कोणता? तो आकड्यांमुळे लाडका आहे, की सवयीने?

तिसरं, तुम्हाला न आवडलेला एखादा नमुना फेकू नका. थोडासा काउंटरवर ठेवा. निकाल गिऱ्हाईक देईल.

आज रात्री वही काढा आणि लिहा: माझ्या विक्रीतला किती भाग एकाच माणसावर उभा आहे? अर्ध्याहून जास्त आला, तर उद्या सकाळचं पहिलं काम काय, ते तुम्हाला कळलंच असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!