इंग्रजी : अवघड किती, सोपी किती?

मी शाळेत मास्तर होतो. एकदा एक मुलगा इंग्रजी वाचत होता. 'बी-यू-टी, बट' त्याने बरोबर वाचले. पुढे 'पी-यू-टी' आले. तो म्हणाला, 'पट'. खरा उच्चार 'पुट'. मी त्याच्या हातावर छडी मारली. आज वाटते, त्या पोराचे काय चुकले? पहिल्या शब्दात जे शिकला, तेच त्याने दुसऱ्यात लावले.

आपली मराठी बहुतेक जशी बोलतात, तशीच लिहितात. इंग्रजीचे तसे नाही. तिची अक्षरे अवघी २६. पण एकच अक्षर इथे एक बोलते, तिथे दुसरे. काही अक्षरे तर मुकीच बसतात. सुरीला इंग्रजीत 'नाइफ' म्हणतात. लिहिताना मात्र आधी 'के' काढतात!

असे का झाले? फार पूर्वी इंग्रज लोक हा 'के' बोलत असत. १४७६ साली कॅक्स्टन नावाच्या माणसाने इंग्लंडात छापखाना काढला. पुस्तके छापून निघू लागली. शब्द कसे लिहायचे, ते हळूहळू ठरून गेले. बोलणे मात्र बदलत राहिले. म्हणून स्पेलिंग पाठ करावे लागते.

आता सोपे काय, ते पाहू. आपण म्हणतो, तो दगड, ती वीट, ते घर. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द, 'इट'. बाप गेला, आई गेली, पोर गेले. तिथे सगळ्यांना 'वेंट'. तू, तुम्ही, आपण, या सगळ्यांना एकच 'यू'. मालकालाही 'यू' आणि गड्यालाही 'यू'!

मात्र शब्दांची जागा सांभाळावी लागते. 'कुत्रा मांजराला चावला' म्हणा, की 'मांजराला कुत्रा चावला' म्हणा. मराठीत अर्थ तोच. इंग्रजीत जागा बदलली, की मांजरच कुत्र्याला चावते!

ही भाषा परकी म्हणून भिऊ नका. स्टेशन, तिकीट, डॉक्टर हे तिचेच शब्द. तुम्ही ते रोज बोलता. इंग्रजांनीही आपला 'मुंगूस' उचलला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाली. तुमचे पोर वाचताना अडखळेल. त्याला 'ढ' म्हणू नका. माझ्यासारखी छडी उगारू नका. पाटी घेऊन त्याच्या शेजारी बसा. रोज एक शब्द दोघे मिळून लिहा. तुम्ही या वयात मराठी मुळाक्षरे शिकलात, बाराखडी शिकलात. मग २६ अक्षरांचे भय कशाला?