इलेक्ट्रॉनिक पुरावा व कायद्यापुढील आव्हाने : जालना निवडणूक खटल्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
तंत्रज्ञान बदलले की पुराव्याचे स्वरूपही बदलते. भारतीय पुरावा अधिनियम १८७२ साली संमत झाला, तेव्हा दस्तऐवज म्हणजे प्रामुख्याने कागद होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये त्यात कलम ६५-अ व ६५-ब यांची भर पडली. संगणकीय नोंदीच्या प्रतीत फेरफार सहज करता येतो. म्हणून ती प्रत कोणत्या यंत्रातून व कशी काढली, याचे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविण्यात आले.

जालना खटला :
२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक मिळवून विजयी झाले. खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र अखेरच्या दिवशी दुपारी तीननंतर दाखल झाले, असा आक्षेप निवडणूक याचिकेत होता. त्याचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण. मात्र वारंवार मागणी करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ही निवड रद्द केली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तीन बाबी स्पष्ट केल्या. प्रत सादर करावयाची असल्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्ष देऊन न्यायालयात हजर केल्यास त्याची गरज नाही. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास न्यायालयाकडे आदेशासाठी अर्ज करता येतो. याचिकाकर्त्याने शक्य ते सर्व प्रयत्न केले होते आणि कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही, या तत्त्वावर त्याला सवलत मिळाली व अपील फेटाळले गेले.

नवा कायदा :
१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : पहिला पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. नोंदीचे हॅश मूल्यही त्यात द्यावे लागते. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. त्यामुळे फेरफार उघड होतो.

समारोप :
तरतूद योग्य असली तरी तिचा भार सामान्य पक्षकारावर पडतो. टेंभुर्णीसारख्या गावातील शेतकऱ्याचा व्यवहार आज मोबाईलवरील संदेशांत नोंदला जातो. वाद उद्भवल्यास ते संदेश सिद्ध करण्यासाठी त्याला तज्ज्ञ कोठे मिळणार? ही सोय तालुका न्यायालयांपर्यंत पोहोचली नाही, तर खरा पुरावा हाती असूनही न्याय दूर राहील. त्यासाठी तज्ज्ञांची उपलब्धता वाढविणे आणि महाविद्यालयांनी या विषयाची कायदेविषयक साक्षरता गावोगावी नेणे अगत्याचे आहे.